इथेरियम की इथेरियम क्लासिक: सरकार नसलेल्या नाण्याचा कारभार

इथेरियम हे सरकारविना चालणारं डिजिटल चलनाचं जाळं, आणि ईथर हे त्याचं नाणं. २०१६ मध्ये त्याचे दोन भाग झाले: इथेरियम आणि इथेरियम क्लासिक. यातला अराज्यवादाला, म्हणजे सरकारच नको या विचाराला, जवळचा कोणता?

१७ जून २०१६. ‘द डीएओ’ या इथेरियमवर कोडने चालणाऱ्या सामायिक निधीतून कुणीतरी सुमारे ३६ लाख ईथर काढून घेतले. कोडमधली फट साधीच होती: खात्यातली शिल्लक कमी व्हायच्या आधीच पैसे हातात पडायचे, म्हणजे तोच चेक पुन्हा पुन्हा वटवता यायचा.

इथेरियमवाल्यांनी २० जुलैला, १९,२०,००० व्या ब्लॉकवर (नोंदींच्या गठ्ठ्यावर), साखळीला, म्हणजे व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीला, फाटा फोडून ते पैसे परत मिळवले. त्याआधी ईथरधारकांचं मतदान झालं खरं, पण भाग घेतला थोड्यांनीच. अराज्यवाद्याला हेच खुपतं. मूठभर लोकांच्या कौलावर नोंदवही बदलते, मग हे सरकार नाही तर काय?

हा बदल न पटलेले क्लासिकवाले जुन्याच साखळीवर राहिले. कोड हाच कायदा, चोराच्या खात्यालाही हात लावायचा नाही. तत्त्व चोख, पण बहुतेक माणसं पलीकडे गेली. मायनिंगचं, म्हणजे नोंदी पडताळून साखळीत जोडणाऱ्या संगणकांचं, बळ घटलं आणि एकट्या ऑगस्ट २०२० मध्ये तीन ‘५१ टक्के’ हल्ले (निम्म्याहून जास्त बळ हाती घेऊन नोंदी फिरवणं) झाले.

तरी मला इथेरियमचाच मार्ग अराज्यवादाला जवळचा वाटतो. नियम अढळ हवेत, हा काही अराज्यवाद नव्हे. न पटणाऱ्याला वेगळं होता आलं पाहिजे, आणि इथे तर फाट्याच्या वेळी ज्याच्याकडे ईथर होते त्याला दोन्हीकडची नाणी मिळाली.