सीपास किट: इथे रंग फिका पडला की निकाल पॉझिटिव्ह

रक्तातल्या अँटिबॉडी कोरोना विषाणूला अडवतात का, हे तपासणारं जेनस्क्रिप्ट कंपनीचं सीपास हे किट लशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेने जवळ ठेवावं असंच आहे. मात्र नेहमीच्या एलायझाची, म्हणजे रंगावरून अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीची, सवय इथे घात करते. त्यात अँटिबॉडी असली की रंग चढतो, इथे ती असली की रंग उतरतो. त्यामुळे हातून झालेली चूकही उलटीच दिसते.

विषाणूच्या स्पाइक प्रथिनातला आरबीडी हा भाग पेशीवरच्या एसीई२ला चिकटतो आणि तिथून विषाणूला आत वाट मिळते. किटमधल्या प्लेटच्या वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) तळाला एसीई२ बसवलेलं असतं आणि आरबीडीला एचआरपी हे रंग आणणारं एन्झाइम जोडलेलं असतं. सीरममधल्या (रक्तातल्या पातळ द्रवातल्या) न्यूट्रलायझिंग, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या, अँटिबॉडीने आरबीडीला आधीच गाठलं, तर तो तळाला न चिकटता धुऊन जातो आणि रंग फिका पडतो. सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएसमध्ये लिन्फा वांग यांच्या गटाने ही पद्धत तयार केली. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२०मध्ये किटला आपत्कालीन वापराची परवानगी दिली.

मोठी सोय म्हणजे जिवंत विषाणू लागत नाही. पीआरएनटी या जिवंत विषाणूवरच्या मूळ चाचणीला बीएसएल-३ ही कडक सुरक्षेची प्रयोगशाळा, व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) आणि प्लाक, म्हणजे विषाणूने पेशी मारून पाडलेले डाग, मोजेपर्यंत तीन ते पाच दिवस लागतात. पुण्याच्या एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणीच ते शक्य. सीपासचं काम त्याहून साध्या बीएसएल-२ प्रयोगशाळेत तासा-दीड तासात उरकतं. एनआयव्हीनेच बनवलेली ‘कवच’ एलायझा आयजीजी (रक्तातली मुख्य प्रकारची अँटिबॉडी) आहे की नाही ते सांगते. ती आयजीजी विषाणूला अडवते का, हे सांगत नाही. सीपास त्याच्या बरंच जवळ जातं.

सीरम किंवा ईडीटीए प्लाझ्मा (ईडीटीए घालून गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) १० मायक्रोलिटर आणि सॅम्पल बफर ९० मायक्रोलिटर घ्या. किटमधले दोन्ही कंट्रोलही (अँटिबॉडी नसलेला निगेटिव्ह आणि असलेला पॉझिटिव्ह नमुना) असेच पातळ करायचे आणि प्रत्येकाच्या दोन वेल लावायच्या. एचआरपी-आरबीडी १:१००० पातळ करा. मग पातळ केलेला नमुना आणि एचआरपी-आरबीडी समसमान, म्हणजे ६० अधिक ६० मायक्रोलिटर, एकत्र करून ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. हे मिश्रण वेगळ्या नळीत किंवा साध्या प्लेटमध्येच करावं. थेट एसीई२च्या वेलमध्ये केलं, तर अँटिबॉडीला संधी मिळण्याआधीच आरबीडी तळाला चिकटतो आणि चांगलं सीरमही दुबळं दिसतं. त्यानंतर १०० मायक्रोलिटर वेलमध्ये घालून ३७ अंशांवर १५ मिनिटं, २६० मायक्रोलिटरने चार वेळा धुणं, टीएमबी (एचआरपीमुळे रंगणारं द्रावण) १०० मायक्रोलिटर घालून अंधारात १५ मिनिटं, रंग थांबवणारं स्टॉप द्रावण ५० मायक्रोलिटर आणि ४५० नॅनोमीटरवर रीडिंग.

निगेटिव्ह कंट्रोलचा ओडी (रंगाच्या गडदपणाचं रीडिंग) १.०च्या वर आणि पॉझिटिव्हचा ०.३च्या खाली आला नाही, तर प्लेट बाद समजा. टीएमबी फ्रीजमधून काढून तसंच ओतलं की निगेटिव्ह हमखास खाली राहतो. धुण्याच्या बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर एचआरपी मरतो आणि रंगच येत नाही. अशा चुका कंट्रोलमध्ये पकडल्या जातात. खरी भीती एकट्या वेलची. एका नमुन्यात एचआरपी-आरबीडी घालायचा राहिला, तर ती वेल जवळपास १०० टक्के निष्प्रभावन, म्हणजे विषाणू पूर्ण अडवल्याचा निकाल, दाखवेल आणि कंट्रोल मात्र ठणठणीत असतील! म्हणून नमुनेही जोडीनेच लावा. उलट धुणं कमी पडलं तर मागे राहिलेला एचआरपी रंग देतो आणि अँटिबॉडी कमी भासते. शेवटच्या धुण्यानंतर प्लेट उलटी करून टिपकागदावर आपटायचा कंटाळा करू नका.

आता टक्क्यांबद्दल, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. नमुन्याच्या ओडीला निगेटिव्ह कंट्रोलच्या ओडीने भागायचं, ते १मधून वजा करायचं आणि १००ने गुणायचं. ३० टक्के किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. पण हे टक्के म्हणजे टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, नव्हे. निगेटिव्हचा ओडी २.० धरला, तर ९६ टक्के म्हणजे ०.०८ आणि ९८ टक्के म्हणजे ०.०४, रिकाम्या प्लेटचं रीडिंगच साधारण तेवढं असतं. बूस्टरनंतरची सीरम याच टोकाला गर्दी करतात. तिथे ‘अमुक लस दोन टक्क्यांनी सरस’ असं लिहिणं चूकच. अशी सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करून ५० टक्क्यांचा बिंदू काढा आणि सोबत डब्ल्यूएचओचा आंतरराष्ट्रीय प्रमाणित नमुना चालवा. त्यातला पहिला, २०/१३६, ०.२५ मिलिलिटर पाण्यात विरघळवला की मिलिलिटरमागे १००० युनिट व्हायचे; नंतर त्याची जागा दुसऱ्या नमुन्याने घेतली. हिशेबात आणखी एक गोष्ट सुटते: १:१०चं सीरम आरबीडीत मिसळल्यावर १:२० होतं.

मूळ किटमधला आरबीडी वुहानच्या विषाणूचा आहे. ओमिक्रॉन बीए.१च्या आरबीडीत १५ बदल आहेत, त्यामुळे मूळ आरबीडीवरचे ९५ टक्के ओमिक्रॉनबद्दल काहीच हमी देत नाहीत. त्या-त्या प्रकाराचा एचआरपी-आरबीडी वेगळा घ्यावा लागतो. स्पाइकच्या एनटीडी या दुसऱ्या भागावर बसणाऱ्या अँटिबॉडीही विषाणूला निष्प्रभ करतात, पण हे किट त्यांना पाहूच शकत नाही. म्हणून काही निवडक नमुने पीआरएनटीला पाठवणं टळत नाही.

प्राण्यांवरच्या चाचण्यांना मात्र याच्यासारखं सोयीचं काही नाही. मानवी आयजीजीला ओळखणारी दुसरी अँटिबॉडी यात लागतच नाही, त्यामुळे उंदीर, हॅमस्टर, माकड आणि माणूस यांची सीरम एकाच प्लेटवर लावता येतात. फक्त प्रत्येक प्राण्याचं लस न दिलेलं सीरम सोबत लावा आणि ३० टक्क्यांची सीमा त्या प्राण्यासाठी आधी तपासून घ्या, कारण ती मानवी नमुन्यांवरून ठरवलेली आहे.