सागवान की शिसवी: फर्निचरसाठी लाकूड निवडताना

अस्सल लाकडाचे फर्निचर करायचे ठरले की निवड बहुतेक वेळा सागवान आणि शिसवी या दोन नावांवर येऊन थांबते. दोन्हींच्या गाभ्याला वाळवी आणि बुरशी सहसा लागत नाही, त्यामुळे ‘जास्त टिकाऊ कोणते’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. वस्तू कुठे राहणार, तिला कसा मार सोसावा लागणार आणि ती कोणत्या हत्यारांनी घडवली जाणार, हे आधी ठरवलेले बरे.

सागवान फार कठीण असते, हा समज चुकीचा आहे. सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, हे जांका चाचणीत मोजतात. सागवानाला हा जोर साधारण ४,७०० न्यूटन, तर शिसवीला त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे १०,८०० न्यूटनच्या आसपास लागतो. म्हणून रोज भांडी आदळणाऱ्या टेबलावर किंवा खुर्चीच्या बारीक पायांत शिसवी उजवी ठरते. मात्र वजनाचा हिशोब आधीच करावा. सुकलेल्या सागवानाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो, तर शिसवीचे ८३० किलो भरते. १८० बाय ९० सेंटिमीटरचा, अडीच सेंटिमीटर जाडीचा टेबलाचा वरचा फळा सागवानाचा केला तर सुमारे २६ किलोचा आणि शिसवीचा केला तर ३४ किलोचा होतो.

फुगण्या-आकसण्याच्या बाबतीत सागवानाची ख्याती मोठी आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पण आकडे पाहिले तर दोन्हींतील अंतर लोक समजतात तेवढे नाही. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत खोडातील वाढीच्या वलयांच्या दिशेने सागवान सुमारे ५.३ टक्के आणि शिसवी ५.९ टक्के आकसते. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने हेच प्रमाण २.६ आणि २.७ टक्के आहे. म्हणजेच कोणते झाड निवडले यापेक्षा ओंडका कसा चिरला याचा फरक मोठा पडतो. वलये फळीच्या रुंद बाजूला काटकोनात येतील अशी चिरलेली शिसवीची फळी ही वलयांना समांतर चिरलेल्या सागवानी फळीपेक्षा रुंदीत निम्मीच हलते. सागवानाचा खरा फायदा त्याच्या नैसर्गिक तेलकटपणात आहे, कारण त्यामुळे पाणी लाकडात सावकाश शिरते. जहाजांच्या डेकसाठी त्याला पिढ्यान्‌पिढ्या पसंती मिळाली, त्यामागे हे एक कारण आहे. उघड्यावरच्या बाकासाठी तरी माझे मत निःसंशय सागवानाकडे झुकते. उन्हापावसात ते करडे पडते, पण काम देत राहते. शिसवीचा जांभळट तपकिरी रंग मात्र उन्हात टिकत नाही, आणि तोच गेला तर ती घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

कामाच्या दृष्टीने सागवान सरळ रेषांचे आणि रंध्याला मऊ लागते, पण त्यातील वाळूसारखी सिलिका हत्यारांची धार लवकर घालवते; बरेच काम असेल तर कार्बाइडची पाती वापरावीत. सांधे चिकटवताना तेलकटपणा आड येतो, म्हणून डिंक लावण्यापूर्वी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून लगेच जोडणी करावी. शिसवीत तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे रंधा उलट्या दिशेने गेला की पृष्ठभागाची सालपटे निघतात. तिच्यातील चुनखडीसारख्या साठ्यांमुळे हत्यारही बोथट होते. स्क्रूसाठी आधी भोक पाडणे शिसवीत टाळताच येत नाही. कोरीव कामात मात्र तिचा घट्टपणा कामी येतो: बारीक कडा शाबूत राहतात, आणि पॉलिश केल्यावर रेषांना जी खोली येते ती सागवानाला सहसा येत नाही. दोन्हींच्या भुशाने काहींना त्वचेचा किंवा श्वासाचा त्रास होतो, म्हणून तोंडाला मास्क हवाच.

वस्तू परदेशी पाठवायची असेल तर आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. शिसवी ज्या डालबर्जिया प्रजातीगटात मोडते, तो २०१७ च्या जानेवारीपासून जवळजवळ सगळाच ‘साइट्स’ या, धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. काही सवलती वगळता सीमा ओलांडताना कागदपत्रे लागतात. सागवानावर या कराराचे असे बंधन नाही.

लाकूड कोणतेही ठरवा, घेताना फळीचे टोक रंधून पाहावे. गाभ्याबाहेरचा, सालीलगतचा फिकट भाग दोन्ही झाडांत वाळवीला सारखाच बळी पडतो, आणि लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागवानात असा भाग बराच निघतो. अशी फळी कपाटाच्या आतल्या बाजूला चालेल. दाराच्या चौकटीत नाही.