दिल्लीहून ट्रेनने आणलेली १२५ ची स्कूटर, पुण्याचा पावसाळा आणि तो साइड स्टँडचा सेन्सर

हा रिव्ह्यू मागच्या आठवड्यात लिहिला असता तर एक स्टार दिला असता आणि तोही रंगासाठी. आता साडेतीन देतेय. कंपनीचं नाव टाकत नाही कारण हा सेन्सर हल्ली बहुतेक नव्या स्कूटरना असतो. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत टाइप करत बसत नाही.

गाडी दिल्ली पासिंगची. मी सांगलीची, नोकरीसाठी दिल्लीत होते, मैत्रीण लखनौची, दोघींना पुण्यात जॉब लागला तेव्हा कूलर-फ्रिज विकून टाकलं पण स्कूटरला डीलर जो भाव सांगत होता तो ऐकून म्हटलं यापेक्षा मी तिला डोक्यावर घेऊन जाईन. झेलम एक्स्प्रेसने पार्सल केली. टाकी पूर्ण रिकामी करायला लावतात, आरसी आणि आयडीची झेरॉक्स लागते, गोणपाटात बांधायचे पैसे वेगळे आणि तिथे घासाघीस चालते, जरूर करा. पुणे स्टेशनला उतरवली तेव्हा डावा आरसा तडकलेला, बाकी ओरखडा नाही. पंपवाला बाटलीत पेट्रोल देईना, म्हणून दोघींनी ढकलत नेली.

पहिले काही महिने गाडी जाम आवडली. पुणं बघायचं तर दुचाकीच हवी, बसने पेठांमधल्या गल्ल्या कळत नाहीत. जेएम रोडला पाताळेश्वराचं लेणं, आठव्या शतकातलं, समोर दगडी खांबांचा गोल नंदीमंडप, मैत्रीण तिथून हलायलाच तयार नव्हती आणि मी मात्र गाडी पी१ मध्ये लावलीय की पी२ मध्ये याच टेन्शनमध्ये. (पार्किंगची बाजू सम-विषम तारखेला बदलते, बाहेरून येणाऱ्यांनी हे आधी शिकून घ्या.) सिंहगडाच्या घाटात डबलसीट कुंथत चढते, पण चढते. वर गरम पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, सगळा राग जातो. अ‍ॅव्हरेज पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ४५ च्या आसपास, त्याबद्दल तक्रार नाही.

आता मुद्द्यावर येते. साइड स्टँड खाली असला की इंजिन चालू होत नाही, चालू असलं तर बंद पडतं. कल्पना चांगली, पण त्या सेन्सरचा स्विच बसवलाय कुठे, तर स्टँडच्या बिजागरीपाशी, जिथे पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल जाऊन बसतो. पाऊस लागला आणि सुरू झालं. स्टँड वर असूनही गाडीला वाटतं खाली आहे. लाथ मारा, चालते. खड्ड्यातून गेली की परत बंद. एकदा खडकवासल्यातून विसर्ग वाढवला म्हणून नदीपात्रातला रस्ता बंद करत होते, सगळे घाईघाईने गाड्या वळवतायत, आणि आमची मधोमध ठप्प, मैत्रीण खाली उतरून स्टँडला लाथा घालतेय, मागचे काका हॉर्न वाजवतायत, "अहो ताई, बाजूला घ्या ना".

सर्व्हिस सेंटरला नेली. आधी म्हणे गाडी दिल्लीची आहे, तिथेच दाखवा. वॉरंटी कार्डावर देशभर लागू लिहिलंय ते दाखवलं तर म्हणे पाणी गेलंय, पाण्याचं वॉरंटीत बसत नाही. अहो दुचाकी आहे, पावसात नाही जाणार तर कुठे जाणार? मग एस्टिमेट काढलं, त्यात अख्खं वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा सगळा जुडगाच, बदलायला लावलं होतं. त्या आकड्यात आमचा एका महिन्याचा किराणा आला असता. तिथेच भांडले, गाडी परत घेतली.

शेवटी नाना पेठ. स्पेअर पार्टची दुकानं आहेत त्या गल्लीत एका मेकॅनिक दादांनी स्विच खोलला, आतला चिखल काढला, कनेक्टरला हिरवट गंज चढला होता तो घासला, स्प्रे मारला, तरी नखरे करत होता म्हणून नवा स्विच टाकला. मजुरी धरून पाचशेच्या आत. फक्त कनेक्टरला ग्रीस लावून ठेवा म्हणाले, दर सर्व्हिसला. हे सेंटरवाल्यांना सांगता आलं नसतं?

दादा आधी म्हणत होते की ताई, दोन वायरी जोडून टाकतो, म्हणजे सेन्सरच बाद, कटकटच नको. मी हो म्हणणार होते, पण मैत्रीण अडून बसली. ती पुण्यातच गाडी शिकली आणि दर वेळी स्टँड वर करायचा विसरते, तसंच निघालं तर डावीकडे वळताना स्टँड रस्त्याला टेकून गाडी आडवी होते. म्हणजे ज्याला मी इतके महिने शिव्या दिल्या त्याच्यामुळेच तिचे गुडघे शाबूत आहेत. म्हणून दीड स्टार परत दिला. एक अजून फक्त ग्रिप बऱ्या आहेत म्हणून.

उरलेला दीड स्टार देत नाही. दिल्लीची डीएल नंबरपाटी बघून चौकात थांबवतात, १२ महिन्यांच्या आत असाल तर कायद्याने रि-रजिस्ट्रेशन लागत नाही, पार्सलची पावती डिकीत ठेवा, तारीख दाखवायला उपयोगी पडते. माझे महिने संपत आलेत. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, मग तिथला उरलेला टॅक्स परत मागायचा. मैत्रीण म्हणते विकून टाक. नवीन स्विच टाकून विकू? अजिबात नाही, आधी पैसे वसूल होऊ देत.