शार्क स्पॉटर्स, केप टाउन : साडेचार तारे, त्यातले बरेचसे काळ्या झेंड्याला

समुद्रात शार्क दिसला की झेंडा बदलून पाण्यातल्यांना सावध करणारी ही सेवा. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, आणि आपण ही सेवा वापरतोय हे वापरणाऱ्यांपैकी अर्ध्याअधिक लोकांच्या गावीही नसतं. अशा गोष्टीचा रिव्ह्यू लिहिणं जरा विचित्रच आहे. पण म्यूझेनबर्गच्या सर्फर्स कॉर्नरला झेंड्याकडे ढुंकूनही न बघता पाण्यात शिरणारी इतकी माणसं दिसतात, की म्हटलं लिहूनच टाकावं.

काम कसं चालतं ते आधी सांगते. म्यूझेनबर्गच्या मागे डोंगर आहे, त्याच्या अंगावरून बॉइज ड्राइव्ह नावाचा रस्ता जातो. तिथे उंचावर एक स्पॉटर पोलराइज्ड गॉगल लावून, दुर्बीण घेऊन समुद्राकडे बघत बसलेला असतो. दुसरा खाली वाळूवर. दोघांकडे रेडिओ. वरच्याने शार्क पाहिला की खालचा सायरन वाजवतो आणि झेंडा बदलतो. एवढंच. 2004 पासून, जेव्हा फॉल्स बे या इथल्या खाडीत मोठे पांढरे शार्क किनाऱ्याजवळ वारंवार दिसायला लागले तेव्हापासून, हे असंच चालू आहे. कल्पनाही आकाशातून पडलेली नाही. इथले ओढजाळं टाकणारे मच्छीमार माशांचे थवे हेरायला डोंगरावर माणूस बसवतच होते.

उंचीचं महत्त्व मला वर जाऊन उभं राहिल्यावर कळलं. वाळूवरून पाणी बघितलं की चकाकी तेवढी दिसते. वरून नजर थेट पाण्यात उतरते. तळ फिक्या वाळूचा असल्यामुळे गडद काही सरकलं तर उठून दिसतं. दिसतं खरं, पण ते काय आहे हे ओळखणं आलं! डॉल्फिन श्वासासाठी सारखे वर येतात, सील गिरक्या घेत जातं, केल्प या समुद्री शेवाळाचा पुंजका लाटेबरोबर हेलकावतो. शार्क शेपूट डावी-उजवीकडे हलवत आपल्या चालीने जात राहतो, त्याला वर यायची गरजच नसते. हे सगळं मला तिथल्या स्पॉटरने समजावलं, आणि बोलताना त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. नजर सबंध वेळ पाण्यावर. मला तर ढगांच्या सावल्याही शार्कच वाटत होत्या. डोळ्यांत तेल घालून बघणं म्हणजे काय, ते तिथे बघावं.

आता झेंडे. हिरवा म्हणजे पाणी नीट दिसतंय आणि शार्क दिसलेला नाही. काळा म्हणजे शार्क दिसलेला नाही, पण पाणीही नीट दिसत नाहीये. लाल म्हणजे शार्क नुकताच दिसला होता, आता नजरेआड आहे. पांढऱ्यावर काळा शार्क आणि सोबत सायरन म्हणजे शार्क आत्ता समोर आहे, मुकाट्याने बाहेर या. झेंडाच नसेल तर स्पॉटर कामावर नाहीत.

या सगळ्यात माझा जीव काळ्या झेंड्यावर जडलाय. 'आज आम्हाला धड दिसत नाहीये' असं जाहीरपणे खांबावर चढवून सांगणारी दुसरी कोणती सुरक्षा-सेवा तुम्ही पाहिली आहे? ढग, धुकं, गढूळ पाणी, सकाळी खाडीवरून थेट डोळ्यांत येणारं ऊन, यातलं काहीही नजर अडवू शकतं. तेव्हा स्पॉटर ते लपवत नाहीत. मग उतरायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

आणि लोक काय ठरवतात? मी सर्फिंगच्या ज्या क्लासला जात होते (नाव सांगत नाही) तिथल्या शिकवणाऱ्याला मी काळ्या झेंड्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, "तो काय, नेहमीचाच आहे." बोर्ड काखोटीला मारून सगळी वरात पाण्यात! नेहमीचाच आहे हे खरंच आहे. गोम वेगळीच आहे. उन्हाळ्यात इथे आग्नेयेचा वारा सुटतो, समुद्र फेसाळतो, आणि काळा झेंडा मुक्काम ठोकतो. पांढरे शार्क हिवाळ्यात सील आयलंडच्या आसपास सीलच्या मागे असायचे आणि वसंतापासून उन्हाळाभर किनाऱ्याकडे सरकायचे. म्हणजे ज्या महिन्यांत डोळ्यांची गरज जास्त, त्याच महिन्यांत वारा डोळे झाकतो. यावर सेवेकडे उपाय नाही. निदान उपाय आहे असं ती भासवत तरी नाही.

फिश हूकला हेच लोक आणखी एक काम करतात. 2013 पासून तिथे किनाऱ्याचा एक कोपरा जाळ्याने बंदिस्त करतात. बारीक विणीचं जाळं, प्राणी अडकू नये म्हणून. हवामान बरं असेल तेव्हा सकाळी लावायचं, संध्याकाळी काढायचं. डर्बनकडे 1952 पासून शार्कसाठी जाळी लावतात, पण ती शार्क पकडून मारणारी. ती सबंध किनारा अडवत नाहीत, आणि त्यांत कासवं नि डॉल्फिनही मरतात. मला लहान मुलांना घेऊन पोहायचं असेल तर मी फिश हूकच निवडेन.

फिश हूकचीच 2011 ची घटना जुन्या लोकांच्या तोंडी अजून असते. शार्क दिसला होता, पांढरा झेंडा वर होता, किनारा बंद होता, तरी एकजण पोहायला उतरला. जीव वाचला, पाय गेला. त्या दिवशी स्पॉटर्सनी आपलं काम चोख केलं होतं. हात धरून बाहेर ओढायला मात्र कोणी नसतं, हे लक्षात ठेवा.

"पण आता इथे शार्क आहेतच कुठे?" हे मला दर वेळी ऐकवलं जातं. पांढरे शार्क फॉल्स बेमधून जवळजवळ दिसेनासे झालेत हे खरं. कारणांवर वाद आहे. कोणी पाठीवरचे पर वाकलेल्या 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड' या दोन ऑर्कांकडे, म्हणजे किलर व्हेलकडे, बोट दाखवतं (2017 मध्ये गान्सबायच्या किनाऱ्यावर यकृत खाल्लेले पांढरे शार्क सापडले होते), तर कोणी मासेमारीकडे. त्यांच्या जागी ब्राँझ व्हेलर जातीचे शार्क दिसतात, ते मुख्यतः मासे खाणारे. पण म्हणून पहारा उठवा असं म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. शार्क गेले हे तरी आपल्याला कळलं कशावरून? रोज तिथे बसून नोंदी ठेवणारं कोणीतरी होतं म्हणूनच ना!

आता अर्धा तारा का कापला ते सांगते. पहिलं, लाल रंग. जगभर समुद्रावर लाल झेंडा दिसला की माणूस समजतो, पोहायला बंदी. इथे त्याचा अर्थ वेगळा, आणि शेजारीच जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे फडफडत असतात. नवख्याने काय समजायचं? दुसरं, झेंडा नसणं हाही एक निरोप आहे, पण रिकामा खांब कोण वाचतो! तिथे 'आज पहारा नाही' असं लिहिलेलं काहीतरी चढवायला हवं. तिसरं म्हणजे वारा. तो तुमच्या दिशेने किंवा उलट वाहत असला की पाण्यातून झेंड्याची नुसती कड दिसते, रंग कळत नाही. यात त्यांचा दोष नाही, पण उतरण्याआधीच रंग बघून घ्या.

आणि सायरन झाला तर बोर्डावर उभं राहून 'कुठे, कुठे' करत बसू नका. पहिल्या लाटेबरोबर बाहेर या. शार्क बघायचाच असेल तर वाळूवरून बघा. बहुतेक वेळा काही दिसत नाही, पण स्पॉटरला विचारलंत तर तो बोटाने दाखवेल. पुन्हा उतरायचं ते झेंडा बदलल्यावरच. नवख्यांनी सकाळी आल्या आल्या खालच्या स्पॉटरशी दोन मिनिटं बोलावं. आज पाणी कसं आहे, काल काय दिसलं, सगळं सांगतात, आणि क्लासवाल्यापेक्षा खरं सांगतात.