साबी सँडमधला तंबू : पैसे कशाचे मोजताय ते आधी बघा

आंबा संपून पाऊस लागला की आम्ही देवगडवाले मोकळेच, आणि नेमका जून-जुलै म्हणजे दक्षिण आफ्रिकेत कोरडा हिवाळा, गवत सुकलेलं, जनावरं पाणवठ्यावर, त्यामुळे बागायतदाराला हा सीझन एकदम फिट्ट बसतो. आम्ही राहिलो तिथल्या क्रूगर नॅशनल पार्कला लागून असलेल्या साबी सँड या खाजगी रिझर्व्हमधल्या एका टेंटेड कॅम्पात. नाव लिहीत नाही, पुढे थोडी कुरकुर करायचीय.

तंबू नावालाच. लाकडी डेक, मोठा पलंग, रात्री गादीत गरम पाण्याची पिशवी, बाहेर उघड्यावर शॉवर, शिवाय बाथटब. टबात बसायला वेळ कोणाला, पहाटे साडेपाचला सफारीसाठी उठवतात! भिंती मात्र कापडाच्याच, तरस ओरडायला लागला की उशाशीच आलाय असं वाटतं, बायकोने झिप नीट लावलीय का म्हणून मला परत उठवलं. झिप खरं तर दिवसा माकडांसाठी, आपल्याकडच्या वानरांइतकीच डांबरट आहेत ती. कॅम्पला कुंपण नाही, म्हणून अंधार पडला की जेवायला जातानाही सोबत माणूस येतो.

पण खरे पैसे वसूल होतात ते गाडीत. क्रूगरमध्ये आपली गाडी घेऊन फिरलात तर रस्ता सोडता येत नाही आणि संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत परतायचं. इथे उघडी जीप झुडपात घुसते, काळोखात स्पॉटलाइट लावून फिरते. बॉनेटवरच्या खुर्चीत ट्रॅकर, म्हणजे ठशांवरून जनावर शोधणारा माणूस. आमचा उतरून वाळूत वाकायचा, ठशाची कड बोटाने चाचपायचा, कड धारदार असेल तर ठसा ताजा, ढासळली असेल तर जनावर कधीच गेलं. असं करत करत त्याने आम्हाला मारुलाच्या झाडाखाली नेलं तर वर बिबट्या, फांदीत अडकवलेला इम्पाला (हरणासारखं जनावर) खात बसलेला. आपल्या वाडीत बिबट्या येतो, कुत्रा उचलतो, आणि आपल्याला दिसतो तो सीसीटीव्हीत. इथे त्याचं हाडं फोडणं ऐकू येत होतं राव! आणि हे पाळीव वगैरे नाही हां, क्रूगरच्या बाजूचं कुंपण १९९३ सालीच काढलंय, जनावरं इकडून तिकडे मोकळी फिरतात.

आता कुरकुर. आईसाठी शाकाहारी म्हणून आधी लिहून दिलेलं, तरी पहिल्या रात्री शेकोटीभोवती सगळे मटण हाणतायत आणि तिच्या ताटात उकडलेल्या भाज्या नि मक्याची घट्ट लापशी. मेतकूट नेलेलं म्हणून निभावलं. 'सगळं धरून' म्हणाले होते, गेटवरची फी वेगळीच निघाली, टिपा त्याहून वेगळ्या.

कानटोपी, जाड जॅकेट न्याच, पहाटेच्या उघड्या गाडीत किनाऱ्यावरचा माणूस गारठून जातो. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आणि विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पीतज्वराच्या लशीचंही. बजेट कमी असेल तर खुशाल साधा तंबू घ्या, पण गाडीवर ट्रॅकर वेगळा असतो का ते बुकिंगच्या आधी विचारा, काही ठिकाणी गाईडच गाडी हाकतो आणि ठसेही तोच शोधतो.