ग्वाल्हेरचा किल्ला: रिक्षाने वर जाऊ नका (५ पैकी ४)

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातून रिक्षा केली की ती उरवाई दरवाजाने थेट वर नेऊन सोडते. सोय चांगली, पण महाल दिसतो आणि किल्ला राहून जातो. किल्ला बघायचा तर पूर्वेकडून, गुजरी महालाच्या बाजूने पायी चढा. या वाटेने गाडी जात नाही. सावकाश अर्धा-पाऊण तास धरा. फरसबंदी गुळगुळीत झाली आहे, चपला नकोत.

चढताना कडा सतत उजव्या हाताला राहतो. ढाल असते डाव्या हातात, म्हणजे येणाऱ्याची उघडी बाजू नेमकी वरच्या माऱ्याखाली. रायगडासारखा बुरुजांआड लपवलेला गोमुखी दरवाजा इथे शोधू नका; भिस्त आहे ती या लांब, आडोसा नसलेल्या चढावर आणि एकामागून एक येणाऱ्या दरवाजांवर. वाटेत खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. इ.स. ८७६ च्या तिथल्या शिलालेखात २७० हा आकडा आहे, त्यातलं जुनं कोरीव शून्य बघा आणि पुढे चला.

हाथी पोल दरवाजापाशी डोक्यावर मानसिंह तोमराचा महाल. निळ्या फरशा, बदकांची रांग, केळीची झाडं. नक्षीत गुंतून भिंत बघायची विसरू नका. खाली सरळ कडा आहे, महालाची भिंत हाच तट. आत तळघराचे दोन मजले आहेत. मोगलांनी किल्ला कैदखाना केला. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष १६६१ मध्ये इथेच मारला गेला. जिने अरुंद आणि अंधारे, टॉर्च हवाच.

गाइड केलात तर मानसिंहाची गुजरी राणी मृगनयनी हिची प्रेमकथा साग्रसंगीत ऐकाल. त्याला आधी पाण्याचं विचारा: वेढा टिकतो तो पाण्यावर, आणि इथे माथ्यावरच सूरजकुंड, जौहर कुंड, अस्सी खंभ्याची बावडी आहे. तरी १७८० च्या ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपमच्या तुकडीने महादजी शिंद्यांच्या ताब्यातला हा किल्ला एका रात्रीत घेतला. १६ फुटी कडा, मग ४० यार्डांचा चढ, मग ३० फुटी भिंत, सगळं शिड्या-दोरांनी. आवाज होऊ नये म्हणून पायांत कापूस भरलेले लोकरी जोडे! पाणी, उंची, दरवाजे सगळं जागेवर होतं, पहारा तेवढा झोपला.

एक गुण कापला तो सावलीसाठी. माथा जवळपास तीन किलोमीटर लांब, आणि सासबहू ते तेली मंदिर भर उन्हात चालावं लागतं. उतरताना मात्र उरवाईचीच वाट घ्या, कड्यातल्या प्रचंड जैन मूर्ती तिथे आहेत. गुजरी महालातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.