अंबडच्या विमान-पार्ट कारखान्यात सहा महिने : इंटर्नशिपला साडेतीन तारे

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी रडायला नको: विमान दिसत नाही. सहा महिन्यांत एकदाही नाही. दिसतात ते ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, आणि त्याहून जास्त कागद.

मी निफाड तालुक्यातली. ओझर आमच्यापासून गाडीवर पंधरा मिनिटं. द्राक्षाच्या बागेत डोक्यावरून सुखोई जातं आणि आमचे आजोबा त्यालाही 'मिग'च म्हणतात, कारण ओझरचा एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) कारखाना १९६४ साली आला तो मिगसाठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथून पहिलं तेजस मार्क-वन-ए लढाऊ विमान उडालं, तेव्हा तर घरच्यांनी ठरवूनच टाकलं की मेकॅनिकलची पोरगी आता एचएएलमध्येच जाणार. मी अर्ज उशिरा केला, माझीच चूक. मग शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप मिळाली नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका खाजगी कारखान्यात. नाव लिहीत नाही. गोपनीयतेच्या करारावर सही केलीय. माल परदेशातल्या प्रवासी विमानांसाठी जातो, एवढं सांगायला हरकत नसावी.

पहिले तीन आठवडे फुकट गेले. फाइलींना लेबलं लावणं, रूट कार्ड (पार्टसोबत फिरणारं कामाच्या टप्प्यांचं कार्ड) स्कॅन करणं, फाइव्ह-एसच्या (कारखान्यातल्या टापटिपीच्या) फोटोंत हसत उभं राहणं. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर. लेडीज टॉयलेट ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये, शॉपपासून चांगलं चार मिनिटं लांब, म्हणजे पाणी बेतानं प्या. अर्धा तारा इथेच कापला.

चौथ्या आठवड्यात डीबरिंगला, म्हणजे कापलेल्या पार्टच्या कडेला राहिलेली धातूची बारीक कणी (बर) काढायला, पाठवलं आणि मी मनात म्हटलं, झालं, चार वर्षं शिकून आता कानशी घासा. तिथे अकरा वर्षं काम केलेल्या एक मावशी आहेत. त्यांच्या टेबलावर भिंग, स्क्रॅपर, स्कॉचब्राइट आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्यांचा डबा. मला वाटलं डबा घरून चुकून आला. मी पार्टमधला एक पॉकेट, म्हणजे कोरलेला खळगा, साफ करून पार्ट त्यांच्या हातात दिलं, अगदी अभिमानानं. त्यांनी कापसाची काडी त्या कडेवरून फिरवली. दोन ठिकाणी कापसाचा धागा अडकून मागे राहिला. "डोळ्यानं नको बघू गं, कापसानं बघ," म्हणाल्या आणि पार्ट परत दिला. मला बर दिसतच नव्हती, धागा मात्र लटकत होता. तो कण पुढे कधी सुटला तर विमानात कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही, आणि धारदार कड राहिली तर थकव्याची चीर तिथूनच सुरू होते. फटीगचा, म्हणजे धातूच्या थकव्याचा, अख्खा चॅप्टर मी पाठ केलेला, पण चीर सुरू होते ती जागा अशी असते हे त्या टेबलावर कळलं. तिथे माझे बारा दिवस गेले. आणखी बारा चालले असते.

मग क्वालिटीत. मापनाची खोली वीस अंशांवर ठेवलेली असते, कारण ड्रॉइंगवरची मापं वीस अंशांचीच धरतात. एप्रिलमध्ये मशीनवरून नुकताच उतरलेला, साधारण तीनशे मिलिमीटर लांबीचा पार्ट मी तसाच नेऊन सीएमएमवर, म्हणजे मापं घेणाऱ्या मशीनवर, ठेवला. लांबी जवळजवळ एक दशांश मिलिमीटर जास्त आली, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, होता त्याच्या निम्मा. मी लाल टॅग लावला, शिफ्टच्या सरांना बोलावलं, आवाजही जरा चढाच लावला असेन. सरांनी पार्टला नुसता हात लावला. "गरम आहे की हा. किती वेळ ठेवला होता इथे?" शून्य मिनिटं. ॲल्युमिनियम मीटरला अंशामागे तेवीस-चोवीस मायक्रॉन वाढतं. पार्ट चौतीस अंशांवर, खोली वीसवर. गुणाकार दुसऱ्या वर्षाचा. चहा, जेवण आणि पुन्हा चहा झाल्यावर तोच पार्ट मापात बसला. टॅग मी स्वतःच्या हातानं काढला. त्या दिवसापासून ऑपरेटर दादा मला 'थर्मामीटर' म्हणायला लागले.

खरं काम म्हणावं तर फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शनचं. नवीन पार्टचा पहिला नग झाला की ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला गोल करून नंबर द्यायचा, आणि प्रत्येक नंबरसमोर लिहायचं: हवं किती, आलं किती, कशानं मोजलं. माझ्या ब्रॅकेटला १८६ गोल होते, ड्रॉइंग इंचात. कापून झालेल्या तुकड्याचा हीट नंबर (धातू ज्या घाण्यात ओतला त्याचा नंबर) कच्च्या मालाच्या सर्टिफिकेटशी जुळवायचा. सगळं भरून झाल्यावर सापडलं की मी वापरलेल्या एका रेडियस गेजच्या (गोलाई मोजायच्या साधनाच्या) कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकतेच्या तपासणीची, मुदत दोन दिवसांपूर्वीच संपलीय. गेज बरोबर असेलही. कोण विचारतो? त्या गेजनं घेतलेली नऊ मापं पुन्हा. चिडले होते खरी, पण आज कुणी मला एखादं माप सांगितलं की तोंडातून आधी निघतं, कशानं मोजलं?

बाकी थोडक्यात. पहिली शिफ्ट सातची. पाथर्डी फाट्याला रूम घेतली तर परवडतं. कॅन्टीनची थाळी वीस रुपयांत पोटभर, पण बुधवारी मटकीच्या उसळीवर शेव टाकून तिला मिसळ म्हणतात. नाशिकमध्ये राहून हे धाडस! स्टायपेंड आठ हजार, दर महिन्याला उशिरा आणि दर महिन्याला वेगळ्या कारणानं.

प्रोजेक्ट रिपोर्टचं आधीच बघून ठेवा. ड्रॉइंग, फोटो, पार्ट नंबर यातलं काहीही बाहेर नेता येत नाही. माझ्या व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक म्हणाले, "मग केलंस काय ते दाखव." मी हातानं काढलेल्या काल्पनिक ब्रॅकेटवर गोल काढून अर्धा तास निभावला. कंपनीकडून आधीच लेखी परवानगी घेऊन एखादा नमुना पार्ट मागून ठेवा, त्याला नाही म्हणत नाहीत. मला हे जूनमध्ये कळलं.

डिझाइन, कॅटिया (डिझाइनचं सॉफ्टवेअर), एरोडायनॅमिक्स शिकायला जायचं असेल तर इथे जाऊ नका. हात काळे करायची आणि एका छिद्रासाठी तीन सह्या गोळा करायची तयारी असेल तर जा, आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःहून डीबरिंग मागून घ्या. मावशींना सांगा, थर्मामीटरनं पाठवलंय.

शेवटच्या महिन्याचे आठ हजार अजून आलेले नाहीत. आले की अर्धा तारा वाढवीन.